लाखाची गर्दी मावते किती जागेत?

जगातली सगळी माणसं वर्धा जिल्ह्यात मावतात. दाटीवाटीच्या, पण श्वास घेता येईल अशा गर्दीत चौरस मीटरला साधारण २.४ माणसं उभी राहतात. त्या हिशेबाने ८०० कोटींना सुमारे ३,३३० चौरस किलोमीटर जागा लागते आणि जिल्ह्याचं क्षेत्रफळ ६,३०० च्या आसपास आहे. अख्खी दुनिया उभी केली तरी जवळपास निम्मा जिल्हा मोकळाच राहील. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती १३,००,७७४. एवढी माणसं ५४ हेक्टरांत, म्हणजे सुमारे १३४ एकरांत आटोपतात. कोरडवाहू जमिनीला सीलिंगची मर्यादा ५४ एकर आहे. तशी अडीच वावरं धरली की आमच्या सिंदी मेघेपासून आर्वी-हिंगणघाटपर्यंतचे झाडून सगळे त्यात उभे!

हा खटाटोप मारबतीमुळे सुचला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पहाटेच दारात लावलेले पळसाचे मेढे उचलून गावाच्या शिवेबाहेर टाकतात आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी ठोकतात. सिंदी मेघे आता वर्धा शहराला पार चिकटलं आहे, त्यामुळे शीव नेमकी कुठे हा वादाचा मुद्दा. त्याच दिवशी पाऊणशे किलोमीटरवरच्या नागपुरात हेच प्रकरण रस्त्यावर येतं. जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पीडेचा पुतळा, निघते, इतवारीतून काळी. काळीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात, पिवळीची १८८५ पासूनची. मागेपुढे बडगे असतात. त्या वर्षी ज्याने लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा. महागाई, डास, भ्रष्टाचार, शेजारचा देश, कुणाचीही गय नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा ठरलेला असतो: लाखोंची गर्दी.

लाखो म्हणजे किती? आणि कुणी मोजले?

मोजायची रीत आहे आणि ती एका पत्रकाराने काढली आहे. हर्बर्ट जेकब्स हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवायचे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांच्या सभा त्यांच्या खिडकीखालीच भरत. खालच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. एका चौकोनात किती डोकी ते त्यांनी मोजलं, भरलेले चौकोन मोजले आणि गुणाकार केला. सैल गर्दीत माणसाला १० चौरस फूट लागतात, दाट गर्दीत साडेचार, आणि खचाखच असेल तर अडीच. १९६७ मध्ये मांडलेले हे आकडे आजही वापरले जातात. वर घेतलेले २.४ म्हणजे त्यांचे हे साडेचार चौरस फूटच.

आता समजा, मारबतीच्या वाटेवरचा २ किलोमीटरचा तुकडा घेतला आणि रस्ता सरासरी १० मीटर रुंद धरला. इतवारीच्या गल्ल्या पाहता हे जरा उदारपणाचंच. जागा झाली २०,००० चौरस मीटर. सैल गर्दी असेल तर माणसं साडेएकवीस हजार, दाट असेल तर ४८,०००, खचाखच असेल तर ८६,०००. शक्य तेवढी माणसं कोंबूनही लाखाला चौदा हजार कमीच पडतात! म्हणून मथळा खोटा ठरत नाही, कारण गर्दी थांबून राहत नाही. मोकळ्या सपाट वाटेवरून मीटरभर रुंदीतून मिनिटाला फार तर ८० माणसं पुढे सरकतात. १० मीटर रुंदीतून ८००, तासाला ४८,०००, पाच तासांत २,४०,०००. हा वेग रस्ता रिकामा आणि सगळे एका दिशेने चालत असताना. मारबतीत तसं कोण चालतं? शिवाय गच्च्या, गॅलऱ्या आणि बापाच्या खांद्यावरची पोरं जेकब्सच्या कोष्टकात बसत नाहीत. एकाच वेळी दहा लाख माणसं दाट गर्दीत उभी करायची, तर हाच १० मीटरचा रस्ता ४२ किलोमीटर लांब हवा. नागपूरहून निघालात तर वर्ध्याच्या वाटेवर निम्म्यापेक्षा पुढे याल.

फिलिपिन्सच्या सेबू शहरात दर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सिनुलोगची मिरवणूक निघते, तिथेही हीच गंमत आहे. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,६४,१६९, आणि उत्सवाच्या गर्दीचे अंदाज दहा लाखांच्या पुढचे. हे सगळं कशासाठी, तर १५२१ मध्ये मॅगेलनने तिथल्या राणीला दिलेल्या बाळ येशूच्या जेमतेम फूटभर उंचीच्या मूर्तीसाठी. मार्ग ६ किलोमीटर आणि रस्ता २० मीटर धरला, नाचणाऱ्यांसाठी इंचभरही जागा सोडली नाही, तरी दाट गर्दीत एका वेळी २,८८,००० माणसं मावतील. बाकीची नऊ दिवसांच्या प्रार्थना, समुद्रातली होड्यांची मिरवणूक आणि सकाळचे-संध्याकाळचे लोक एकत्र धरल्यावर येतात. १८ जानेवारी २०१५ ला, सिनुलोगच्याच रविवारी, मनिलाच्या रिझाल पार्कमध्ये पोप फ्रान्सिस यांची प्रार्थनासभा झाली. साठ लाख लोक आल्याचं जाहीर झालं. पार्क ५८ हेक्टरांचं. चौरस मीटरला चार माणसं उभी केली, तळी-झाडं-पुतळे सगळं सपाट धरलं, तरी २३ लाख. उरलेले ३७ लाख आजूबाजूच्या रस्त्यांवर होते असं मानावं लागतं. मला ते जड जातं.

पण आकडा फुगला म्हणून माणसं मरत नाहीत. मरतात ती घनतेने. सोलच्या इटेवॉनमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री १५९ जण गेले, ते जेमतेम सव्वातीन मीटरपर्यंत चिंचोळ्या होत जाणाऱ्या उताराच्या गल्लीत. नागपूरला हे बाहेरून शिकायची गरज नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधिमंडळावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं मेली. त्यात बाया आणि लेकरं फार होती. मोर्चा हजारांतच मोजण्यासारखा होता, लाखांत नाही. सीताबर्डीचा उड्डाणपूल आज त्यांच्या नावाने आहे. चौरस मीटरला पाच-सहा माणसं झाली की स्वतःच्या मनाने पाऊल टाकता येत नाही. त्यापुढे गर्दी पाण्यासारखी हलते, आणि मागच्याला पुढे काय चाललंय ते कळतच नाही.

म्हणून पोलिसांच्या जागी मी असतो तर लाखाचा नाद सोडून नेहरू पुतळ्याचा चौक मोजला असता. काळी आणि पिवळी तिथे समोरासमोर येतात, सगळ्यांना तेवढंच पाहायचं असतं. चौक ४० बाय ४० मीटर धरला तर १,६०० चौरस मीटर. पावणेचार-चार हजार माणसं असली तर दाटी असते, पण पोराला उचलून बाजूला होता येतं. सात हजारांच्या घरात गेली की जेकब्सची खचाखच पायरी गाठली जाते, आणि तेव्हा मागच्या गल्लीतून येणारा लोंढा तिथेच अडवला पाहिजे.