ओघळ काठावर सुरू होतो

निगा : लेखांक ११

मुसळधार पावसाने भिंती मळत नाहीत, उलट धुऊन निघतात. मळवतो तो मे महिन्यातला वळीव, चार टपोरे थेंब टाकून पळणारा. आणि हिवाळ्यातले दव. नांदेड-लातूरकडे होळीपासून मृगापर्यंत काळ्या रानाची बारीक धूळ आडवी जागा मिळेल तिथे बसते: कठड्याच्या माथ्यावर, खिडकीच्या पट्टीवर, पुरासाठी आणून ठेवलेल्या फायबरच्या बोटीच्या काठावर. थोडेसे पाणी ही धूळ उचलते, काठापर्यंत आणते आणि खाली उतरता उतरता वाटेतच वाळते. पाणी उडून जाते, माती राहते. पुढचे थेंबही त्याच मळलेल्या वाटेने येतात, म्हणून ओघळ रुंद होत नाही, गडद होत जातो.

दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात फिरवायचा आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच काळे पट्टे बघायचे, हा आपल्याकडचा रिवाज. दोष भिंतीत शोधला की असेच होते. भिंतीवर दिसतो तो परिणाम; दोष वरच्या काठात असतो.

चहाची किटली हळू वाकवली की चहा कपात न पडता तोटीच्या खालच्या अंगाला चिकटतो आणि किटलीच्या पोटावरून ओघळतो. जोरात ओतला की नीट पडतो. पाणी पृष्ठभागाला चिकटून राहते, त्याला सुटायला एकतर वेग लागतो किंवा धारदार कड. मुसळधार पावसाला वेग असतो. वळवाला आणि दवाला तो नसतो, त्यांच्यासाठी कड आपण द्यायची. ती मिळाली तर पाण्याची पागोळी होते आणि थेंब भिंतीपासून दूर पडतो. न मिळाली तर ओघळ ठरलेला.

जुन्या मराठवाडी माळवदाच्या घराला ओघळ परवडणाराच नव्हता. दगड-मातीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. असल्या भिंतीवरून पाणी उतरले तर डाग पडून भागत नाही, भिंतच खचते. म्हणून पन्हाळ भिंतीपासून चांगला पुढे काढलेला असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच जड छतांखाली आणि भिंतींखाली माणसे गाडली गेली. माळवद मागे पडले ते योग्यच झाले. पण त्याच्याबरोबर पन्हाळही गेला, याची कुणी दखल घेतली नाही. आता स्लॅबचे पाणी काढायला पीव्हीसीचा पाइप असतो आणि तो बहुतेक ठिकाणी भिंतीला लागूनच कापलेला. त्याच्याखाली एका पावसाळ्यात हिरवट-काळी जीभ उमटते. हा पाइप वीतभर पुढे ठेवायला किती खर्च आला असता?

छज्ज्याचा उपायही जुनाच. छज्ज्याच्या तळाला, कडेपासून इंचभर आत, बोटभर रुंदीची खाच ठेवतात. गवंडी तिला ड्रिप मोल्ड म्हणतात. तळाला चिकटून आत सरकणारे पाणी त्या खाचेला ओलांडू शकत नाही, तिथेच लोंबते आणि गळते. श्रीलंकेत बौद्ध भिक्षूंच्या गुहांवर, वरच्या कपारीच्या कडेला अशी खाच इसवी सनापूर्वीच्या शतकांत खोदलेली आहे. तिच्या खालच्या अंगाला कोरलेले ब्राह्मी लेख अजून वाचता येतात. आपल्याकडे ओल्या गिलाव्यात सळई दाबून हे काम होते. मात्र ते गिलावा ओला असतानाच सांगावे लागते. कठड्याचा माथा गच्चीकडे उतरता ठेवा, हेही त्याच वेळी सांगावे.

आता बोट. गोदावरीच्या डोहातल्या डांबर चोपडलेल्या लाकडी नावेवर ओघळ असला तरी दिसत नाही. पांढऱ्या फायबरच्या बोटीवर सगळे दिसते, आणि तिचे आयुष्य पाण्यात कमी, आवारातल्या झाडाखाली जास्त जाते. काठाच्या रबरी पट्टीखालून काळे पट्टे उतरतात. त्यात धुळीबरोबर उन्हाने झिजलेल्या रबराचीही काजळी असते. साध्या लोखंडी बोल्टखाली तांबडा ओघळ येतो. तो बोल्ट स्टेनलेस स्टीलचा घालेपर्यंत कितीही घासा, परत येणार. डेकवरचे पाणी बाहेर काढणारी भोके तर भिंतीला लागून कापलेल्या पाइपचीच भावंडे. भोकाच्या खालच्या ओठाला इंचभर पुढे येणारी छोटी तोटी बसवली की पाणी अंगाला न चिकटता खाली पडते. पट्टीच्या खालच्या कडेने सिलिकॉनची सलग बारीक उभार रेघ ओढली तर तीच ड्रिप मोल्डचे काम करते.

बोट ठेवतानाही उतार बघावा: नाक वर, मागचे बूच काढलेले, म्हणजे पाणी साचत नाही आणि एकाच बाजूने जाते. ताडपत्री घट्ट बांधावी. सैल ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि तिच्याखालची धूळ पॉलिश पेपरासारखी चकाकी खाते. ही वरची चकाकी, म्हणजे जेलकोट, उन्हाने मुळातच खडूसारखा भुकटतो आणि मग मळ त्यात मुरतो. पावसाळ्याआधी गाड्यांसाठी मिळणारे पेस्ट वॅक्स लावून ठेवले तर ओघळ थांबत नाहीत, पण साबणाच्या फडक्याने निघतात. एवढे पुष्कळ झाले.

मुरलेला डाग काढायचा तर आधी तो कशाचा आहे ते ओळखावे. धुळीचा असेल तर सौम्य साबण, मऊ ब्रश. घासणीची काथ्या-तार नको. ओरखड्यांत पुढचा मळ पक्का बसतो. गंजाला ऑक्झॅलिक आम्ल, फरशी पॉलिश करणारे वापरतात तीच पांढरी पूड. पाण्यात विरघळवून लावावी, थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवावी. ती विषारी आहे; हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावावा. संगमरवरावर ती चालत नाही, दगडाची चकाकी जाते. भिंतीवरच्या हिरव्या-काळ्या शेवाळाला पातळ केलेले ब्लीच लागते, कारण तो मळ जिवंत असतो; नुसता घासला तर मुळे धरून पुन्हा उगवल्यासारखा परततो. पण ब्लीच आणि आम्ल एकाच दिवशी, एकाच बादलीत किंवा एकाच भिंतीवर एकामागोमाग कधीही नको. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

एक ओघळ मात्र या सगळ्यांत बसत नाही: गच्चीवरच्या टाकीतून सांडणाऱ्या पाण्याचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात असा ओघळ दिसला, तर ब्रश घेण्याआधी टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह बदलावा. त्या ओघळाचा रंगही वेगळा, पांढरा असतो. तो बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचा, आणि त्याच्यापुढे साबण, ब्लीच दोन्ही हरतात. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात, नळाच्या तोट्या आणि गिझर यांच्यासह.