नळीवर शिवलेले चामडे

जुन्या रेसर सायकलीच्या ड्रॉप हँडलवर शिवून बसवलेले चामडे दिसले की पाहणारा ते बहुधा त्या काळाचे लेणे समजतो. सायकल 1970 च्या दशकातली, म्हणून हँडलवर चामडे, असा हिशेब त्याच्या मनात असतो. हा हिशेब इतिहासाला धरून नाही. त्या दशकातल्या शर्यतीच्या सायकलींच्या हँडलवर प्रामुख्याने सुती पट्टी असे. फ्रान्सच्या व्हेलॉक्स कंपनीची ट्रेसोस्टार ही त्यातली प्रसिद्ध पट्टी. फ्रेंच पर्यटन-सायकलींवर याच सुती पट्टीला लाखेचा हात देत. लाखेमुळे कापड कडक होई, मळ आणि पाणी कमी पीत असे. ही लाख मुळात भारतासारख्या देशांतल्या झाडांवरच्या किड्यांची, तेव्हा त्या फ्रेंच सायकलींशी आपलेही एक दूरचे नाते लागते. पुढे बेनोत्तोची चकचकीत प्लास्टिक पट्टी आली आणि 1980 च्या दशकात चिनेल्लीची मऊ कॉर्क-मिश्रित पट्टी. शिवायचे चामडी वेष्टणही त्या काळात होते. अल्मार्कसारखी इटालियन नावे जुन्या सायकलींच्या संग्राहकांना ठाऊक असतात. पण ती हौसेची आणि खर्चाची बाब होती, सरसकट प्रथा नव्हती. अस्सलपणाच्या आधारावर शिवलेल्या चामड्याची बाजू मांडायला गेले तर ती लंगडी पडते.

तरीही ती बाजू मांडण्याजोगी आहे, फक्त पुरावा तारखांऐवजी यंत्ररचनेत शोधावा लागतो. इटलीत तोस्काना प्रांतातल्या गायोले इन कियांती या गावी 1997 साली जांकार्लो ब्रोच्ची यांनी ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. तिच्या नियमांत सायकल 1987 पूर्वीची हवी, गिअरचे खटके फ्रेमच्या तिरक्या नळीवर हवेत, पेडलला पट्टे हवेत आणि ब्रेकच्या तारा हँडलच्या वेष्टणाबाहेरून गेलेल्या हव्यात, अशा अटी आहेत. शेवटची अट वाचताना बारीकशी वाटते, पण आपल्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. जुन्या ब्रेकच्या मुठीतून तार वरच्या टोकाने बाहेर पडे आणि हवेत कमान करून खाली जाई. हँडलची नळी त्यामुळे पूर्ण मोकळी राही. नव्या रचनेत तार वेष्टणाखालून जाते, नळीला उंचवटा येतो आणि तो लपवायला जाड, लवचीक पट्टीच लागते. जिच्यावर दुसरे काहीच नाही अशी स्वच्छ गोल नळी जुन्या सायकलीवरच मिळते, आणि एकाच थराचे, अंगाला घट्ट बसणारे चामडे अशाच नळीवर नीट शिवता येते. या दोघांची जोडी खरी जमते ती इथे.

गुंडाळलेली पट्टी आणि शिवलेले वेष्टण यांत मूळ फरक ताणाच्या दिशेचा आहे. पट्टी मळसूत्रासारखी फिरते. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढलेला असतो आणि तळहाताचा रेटा त्या कडेवर येतो. हात सतत पुढे-मागे सरकत राहिला की कडा उलगडतात, फेरे सरकतात आणि वळणावर उघडी नळी दिसू लागते. डिंक आणि टोकाची चिकटपट्टी यांच्यावर सगळा भरवसा असतो. शिवलेल्या वेष्टणाला हाताखाली कडाच नसते. ते नळीला चहूबाजूंनी आवळून धरते, आणि आवळणारा दोरा दर काही मिलिमीटरला त्याला बांधून ठेवतो. म्हणून या कामात सगळ्यात मोठा प्रश्न चामडे कोणत्या प्रतीचे हा नसतो. ते किती ताणले आणि तो ताण सगळीकडे सारखा राहिला का, यावर काम टिकते किंवा फसते.

इथे थोडे गणित करावेच लागते. ड्रॉप हँडलच्या पकडीच्या भागाचा व्यास साधारण 23.8 मिलिमीटर असतो, म्हणजे परीघ 75 मिलिमीटरच्या किंचित आत. काही जुनी फ्रेंच हँडले 23.5 मिलिमीटरची असतात आणि तेवढ्या फरकाने परीघ एक मिलिमीटरने घटतो. पट्टा परिघाएवढाच कापला तर शिवण मिटते, पण चामडे सैल राहते. म्हणून तो दोन-तीन मिलिमीटर अरुंद कापायचा आणि ती फट दोऱ्याने ओढून मिटवायची. सरळ भागावर एवढे पुरते. खरी परीक्षा वळणावर असते. नळी वळली की बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा लांब होते आणि हा फरक वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून नसतो. काटकोनी वळण मोठे असो वा आखूड, 23.8 मिलिमीटरच्या नळीवर बाहेरची बाजू सुमारे 37 मिलिमीटर जास्त भरते. हँडलचा खालचा हुकासारखा आकडा जवळजवळ अर्धवर्तुळ वळतो, तिथे हाच फरक 75 मिलिमीटरच्या आसपास जातो. त्रिज्येचा प्रभाव ताणाच्या तीव्रतेवर पडतो. नळीच्या मध्यरेषेची त्रिज्या 70 मिलिमीटर धरली तर बाहेरच्या बाजूला चामडे 17 टक्के ताणले जायला हवे आणि आतल्या बाजूला तेवढेच आकसायला हवे. चामडे ताणले जाते, पण आकसत नाही. आकसायला लावले की त्याला सुरकुत्या पडतात.

उपाय असा की पट्टा लांबीलाही आखूड कापायचा आणि शिवताना लांबीच्या दिशेने ओढत न्यायचा, म्हणजे आतल्या बाजूलाही थोडा ताण उरतो. पण लांबीला ओढले की पट्टा रुंदीला आक्रसतो, शिवणीची फट रुंदावते आणि दोऱ्यावरचा भार वाढतो. लांबीत जिंकलेले रुंदीत हरते. या दोन ओढींचा मेळ हाताने, त्या विशिष्ट नळीवर, त्या विशिष्ट कातड्याचा अंदाज घेत बसवायचा असतो. त्यामुळे तयार छिद्रांचे वेष्टण विकत घेतले तरी अर्धे काम शिल्लकच राहते. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली व्हेलो ऑरेंज ही कंपनी एल्क या मोठ्या हरणाच्या कातड्याची शिवायची वेष्टणे विकत असे. एल्कचे कातडे मऊ आणि भरपूर ताण देणारे असल्याने आकड्याचे वळण ते सहज घेते, म्हणून ती निवड शहाणपणाची होती.

वनस्पतीजन्य रसायनांनी कमावलेले गायी-म्हशींचे चामडे वेगळ्या स्वभावाचे असते. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावतात. अशी चप्पल सुरुवातीला कडक लागते आणि हळूहळू पावलाचा आकार धरते, हे ती घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हँडलवरही तेच घडते, फक्त पाण्याच्या मदतीने लवकर घडते. असे चामडे कोमट पाण्यात भिजवले की लवचीक होते, वळणावर ओढता येते आणि वाळल्यावर त्या आकारात स्थिर होते. क्रोमने कमावलेले चामडेही ताणले जाते, पण ते मूळ आकाराकडे परतू पाहते. पातळ, एक ते सव्वा मिलिमीटरचे, झाडांच्या सालींनी कमावलेले चामडे या कामाला उत्तम, असे माझे मत आहे. दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच कातड्यातून, शेजारी-शेजारी, एकाच दिशेने कापलेले हवेत. पाठीच्या कण्याच्या दिशेने कातडे कमी ताणते, पोटाकडचे जास्त. डावा पट्टा एका भागातला आणि उजवा दुसऱ्या भागातला असला तर वर्षभरात एक बाजू ढिली झालेली कळते.

शिवण कुठून न्यायची हाही असाच विचाराचा भाग आहे. आडव्या भागावर ती खालून जावी, तिथे तळहात टेकत नाही. पण ती तशीच सरळ पुढे नेली तर आकड्यात नेमकी पोकळीच्या बाजूला येते, जिथे अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी रुतते. ब्रेकच्या मुठीखाली गेल्यावर शिवण हळूहळू चाकाच्या बाजूला वळवली तर हा त्रास टळतो. शिवाय चाकाकडची बाजू वळणाच्या मध्यरेषेवर असते. तिथे चामड्याच्या दोन्ही कडांना लांब किंवा आखूड व्हावे लागत नाही, छिद्रे समोरासमोर राहतात आणि टाके एकसारखे पडतात. हाताची सोय आणि भूमितीची सोय इथे एकाच जागी भेटतात.

टाका फुल्यांचा. रापीने कडा किंचित तासलेल्या, आरीने सारख्या अंतरावर छिद्रे पाडलेली, दोऱ्याच्या दोन्ही टोकांना बोथट सुया. प्रत्येक सुई फटीतून आत जाऊन समोरच्या कडेच्या छिद्रातून खालून वर येते, मग दुसऱ्या सुईची पाळी. दोरा मेण लावलेला हवा. मेणामुळे ओढलेला टाका जागच्या जागी धरून राहतो, पुढचा ओढताना मागचा सैल होत नाही. सुती दोरा घामाने कुजतो, म्हणून पॉलिएस्टर. दर पाच मिलिमीटरला एक छिद्र धरले तर अर्ध्या मीटरच्या पट्ट्याला दोन्ही कडा मिळून 200 छिद्रे होतात, दोन बाजूंची 400. घाईने ओढलेला एक टाका छिद्र फाडतो आणि तिथून पुढची रांग बिघडते. ब्रेकच्या मुठीबाबत तडजोड नको. तिचा पट्टा उघड्या धातूवरच आवळलेला असावा. चामड्यावर आवळलेली मूठ चामडे दबत गेले की फिरू शकते, आणि ब्रेक लावताना मूठ फिरणे धोक्याचे आहे. चामडे मुठीच्या वर आणि खाली दोन तुकड्यांत संपवावे. जोड रबरी आवरणाखाली झाकला जातो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप तळहातांचा आहे. एक मिलिमीटर चामड्याला गादी म्हणत नाहीत, आणि तोस्कानाच्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवर तासन्‌तास हादरे खाणाऱ्याला जाड पट्टीच बरी, असे म्हणणारा चूक नाही. करंगळीकडच्या मज्जातंतूवर दाब येऊन ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात, त्यांनी हे वेष्टण घेऊच नये. पण हादरे शोषण्याचे मोठे काम टायर करतो. रुंद टायर आणि त्यातली थोडी कमी हवा जे देतात ते हँडलवरच्या पट्टीच्या जाडीतून मिळत नाही. उलट जाड पट्टी नळी फुगवते आणि लहान हाताच्या माणसाला पकड आवळून धरावी लागते. पातळ चामडे नळीचा मूळ व्यास जवळजवळ राखते आणि जुन्या हँडलची बारीक नळी याच मापाच्या पकडीसाठी घडवलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो प्रत्येकाने विचारात घ्यायला हवा. ॲल्युमिनियमच्या जुन्या हँडलला घामातले मीठ खाते. पृष्ठभागावर पांढरी पूड आणि खड्डे पडतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने हँडल धरणाऱ्या स्टेमजवळ किंवा ब्रेकच्या पट्ट्यापाशी बारीक तडे जाऊ शकतात. पट्टी दर एक-दोन वर्षांनी निघते, तेव्हा नळी दिसते. शिवलेले चामडे दहा वर्षे टिकले तर दहा वर्षे नळी कोणी पाहिलीच नाही, असे होऊ शकते. म्हणून शिवण्याआधी नळी स्वच्छ घासून, उजेडात फिरवून, नख ओढून तपासावी आणि शंका आली तर ते हँडल भिंतीवर टांगावे, सायकलीला लावू नये. टिकाऊपणाचा तपासणीशी विरोध मात्र नाही. गोंद न लावता निव्वळ ताणावर शिवलेले वेष्टण दोरा कापून उकलता येते. छिद्रे जागच्या जागी असतात, चामडे वळणाचा आकार धरून असते, आणि पुन्हा ओलसर करून तोच पट्टा नव्या दोऱ्याने त्याच नळीवर बसतो, पहिल्या वेळेपेक्षा कमी श्रमात, कारण आता त्याला ताणायचे फारसे उरलेले नसते. पावसाळ्यात भिजून बुरशी धरणाऱ्या आपल्या हवेत तर दर दोन वर्षांनी, पाऊस सरल्यावर, हे उकलणे करावेच. चामडे सावलीत वाळवावे, तेलाचा अगदी हलका हात द्यावा, कारण जास्त तेलाने ते सैल पडते, आणि मग पुन्हा टाके घालावेत. गोंदाने चिकटवलेल्या वेष्टणावर हे करता येत नाही, ते फाडूनच काढावे लागते. शिवणाऱ्याने गोंदाचा मोह टाळावा यामागे हेच सर्वांत मोठे कारण आहे.