आठवड्याचा हवामान अंदाज आणि उन्हाळ्यातील उसाचे पाणी



वैशाखात उत्रोली शिवारात पाहणीस गेलो म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब, शुक्रवारी पाऊस सांगितलाय. पाणी द्यायचं का थांबायचं?" हा अंदाज बहुधा मोबाईलवर आलेला, एखाद्या हौशी अभ्यासकाचा असतो. परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांच्यासारख्यांचे अंदाज आज गावोगावी ऐकतात. आम्ही त्यास नावे ठेवीत नाही. वारा आणि आभाळ रोज पाहणारा माणूस चार गोष्टी जाणतो. पण उसाचे पाणी त्यावर थांबवावे काय, हा प्रश्न वेगळा.

मागे एका सभासदांनी आठ दिवस मोटर बंद ठेवली. पाऊस आला, पण शेजारच्या शिवारात! त्यांच्या सुरू उसाची पाने भर दुपारी सुरळी झाली, कोवळे फुटवे वाळले. "बघा दोन दिवस वाट," असे आम्हीच म्हणालो होतो, हेही कबूल केले पाहिजे.

वळवाचा पाऊस असाच. जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे चढतात आणि एका पट्ट्यात कोसळतात. हवामान खाते "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणते, तेव्हा त्या भागातील फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. म्हणजे अंदाज खरा ठरूनही आपले रान कोरडे राहू शकते. उन्हाचा अंदाज त्या मानाने पक्का. पावसाचा मात्र पहिले दोन-तीन दिवस जमेस धरावा, पुढचे दिवस नुसते ध्यानात ठेवावेत.

आता हिशेब पाहू. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे 4,000 लिटर पाणी. 10 मिलिमीटरची सर आली की अंगण चिखलते, माणूस खूश होतो. पण पाटाने दिलेली एक पाळी साधारण 75 ते 80 मिलिमीटर भरते. मे महिन्यात वाढता ऊस दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी ओढतो. मग ती सर पुरली किती? जेमतेम सव्वा-दीड दिवस! त्यातलेही काही पानांवरूनच उडून जाते. म्हणून अशा सरीने पाळी चुकवू नये. 28-30 मिलिमीटर प्रत्यक्ष पडला व मुरला, तर पाळी तीन-चार दिवस लांबवावी. पाऊस पडण्याआधी मात्र पाळी लांबवू नये. खोडव्यात पाचट पसरलेले असेल तर ओल जास्त टिकते, तेथे थोडी सवड मिळते.

ढग गडगडू लागले की मोटर चालू-बंद करायला धावू नये, झाडाखालीही थांबू नये. पाणी तासभर उशिरा दिले तरी चालते.

पाऊस मोजायला सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवावा. झाड-भिंतीपासून लांब. सर थांबताच आतले पाणी पट्टीने मोजावे आणि आकडा गट ऑफिसात चिटबॉयकडे द्यावा. उत्रोलीत किती पडला व पलीकडच्या गावात किती, हे त्यावरून आम्हांसही कळेल.