आदर्श शिक्षक आणि आदर्श विद्यार्थी : कोणते गुण पाहायचे?



आदर्श विद्यार्थी कोण, असं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं असतं. वेळेवर येणारा, नीटनेटका, गृहपाठ करणारा आणि वर्गात गप्प बसणारा! पालकसभेतही पहिला प्रश्न हाच, "आमचा पोरगा दंगा तर करत नाही ना?" शिस्त हवीच. पण गप्प बसणं हा गुण आहे का? ज्याला सगळं समजलं तोही गप्प असतो आणि ज्याला काहीच समजलं नाही तोही गप्पच असतो.

एक साधं उदाहरण घ्या. 52 वजा 27 चं उत्तर लहान मुलं पुष्कळदा 35 लिहितात. लाल फुली मारून आपण पुढे जाऊ शकतो. पण "बाळा, कसं केलंस?" असं विचारून पाहा. मूल सांगतं, "2 मधून 7 जात नाहीत, म्हणून 7 मधून 2 काढले." म्हणजे मुलाने विचार केलाय, फक्त दशक सुटा करण्याची पायरी राहिली आहे. मग काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा. त्यातून 27 काढायला सांगा. गठ्ठा सोडावा लागतो, हे त्याचं त्यालाच कळतं आणि 25 उत्तर येतं.

चुकीमागचा विचार शोधणं हा आदर्श शिक्षकाचा गुण. "मला हे समजलं नाही" असं न लाजता सांगणं हा आदर्श विद्यार्थ्याचा गुण. पण पहिला असल्याशिवाय दुसरा येत नाही. बोललो तर ओरडा बसेल, मुलं हसतील, अशी भीती असेल तर मूल तोंड उघडणारच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे, ती उगाच नाही.

आपल्याच इतिहासात पाहा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी 1848 मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना शिकायलाच बंदी होती, त्यांच्यातली एक मुलगी अन्यायाबद्दल समाजाला जाब विचारते! असा निबंध पाठांतरातून येत नाही. बोलण्याचं बळ देणारे शिक्षक मागे असावे लागतात.

पालकहो, घरी "किती मार्क पडले?" या प्रश्नाआधी "हे कसं केलंस, मला दाखव बरं" असं म्हणा. आणि शिक्षक मित्रांनो, उद्या वर्गात सगळ्यात शांत बसणाऱ्या मुलाजवळ दोन मिनिटं बसा. त्याची वही नुसती तपासू नका, त्याच्याकडून समजून घ्या.