दहा की पंचेचाळीस?

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट किती चालतं? आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. अमेरिकेत हाच आकडा १० आहे. वाचणाऱ्याला वाटेल की अमेरिकेचा नियम चौपटीहून कडक. तसं नाही. नायट्रेटमध्ये एक नायट्रोजन आणि तीन ऑक्सिजन असतात. आपण अख्ख्या नायट्रेटचं वजन धरतो, ते त्यातल्या फक्त नायट्रोजनचं धरतात. त्यांच्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की आपला आकडा येतो. १० चे झाले ४४. म्हणजे नियम जवळपास एकच.

हे माझ्या तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या लक्षात आलं, तेव्हा पाण्याचा एकही नमुना घेतलेला नव्हता. आमच्यासोबत विहिरींचं पाणी तपासण्याच्या प्रकल्पात असलेल्या, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी नोंदींसाठी तक्ता करून पाठवला होता आणि त्यातल्या रकान्यावर नुसतंच ‘नायट्रेट’ लिहिलेलं होतं. तिने विचारलं, “मॅडम, यांच्या किटवर १२ आलं तर आपण ते ४५ च्या आत म्हणून सोडून देऊ. पण ते खरं तर ५३ आहे ना?” त्या एका प्रश्नाने रकान्याचं नाव बदललं. एखाद्या घरात तान्हं बाळ असतं आणि त्या घराची विहीर आमच्या कागदावर सुरक्षित ठरली असती, तर काय झालं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये शेतातल्या विहिरींच्या पाण्याशी या आजाराचा संबंध दाखवून दिला.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, ही तिची चौकट बहुतेकांना माहीत असते. परदेशातले विद्यार्थी या चौकटीत येऊन सोबत काम करू लागले, की काय काय ठरवावं लागतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. अलीकडे अनेक महाविद्यालयांकडे असे प्रस्ताव येतात, म्हणून ते सांगावंसं वाटतं.

ओहायोच्या मुलांचा पहिला प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शाळेत पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र बसवण्याचा होता. मन चांगलं होतं, हिशेबही नेटका होता. पण यंत्र गावाने मागितलेलं नव्हतं. आमच्या मुलांनी तो प्रस्ताव मराठीत लिहून काढला आणि बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवला. एका आजींनी विचारलं, “ते मशिन बसवून तुमी जाल निघून. त्याची जाळी कोन बदलनार? आन् इतकं पानी वाया जातं, ते उन्हाळ्यात कुठून आनायचं?” त्याच शाळेच्या व्हरांड्यात आधी कुणीतरी भेट दिलेलं एक यंत्र बंद पडून आहे. त्या बैठकीत बायकांनी जे मागितलं ते साधं होतं: आमच्या कोणत्या विहिरीचं पाणी लेकरांना चालेल तेवढं सांगा.

हे ओहायोला कळवायला आमची मुलं कचरत होती. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? मी त्यांना इव्हान इलिच या विचारवंताविषयी सांगितलं. १९६८ मध्ये मेक्सिकोत, तिथल्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच त्यांनी भाषण केलं होतं. बघायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मला इलिच पूर्ण पटत नाहीत. कारण आपल्याच देशात दुसरं उदाहरण आहे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार उद्ध्वस्त झाला, तेव्हा पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता काही सहकाऱ्यांना घेऊन आला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फ्रान्समधल्या व्हर्दनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात त्याने अशा सेवेची सुरुवात केली होती. बिहारमध्ये त्याने राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेतलं आणि गावकऱ्यांबरोबर घरं उभारण्याचं काम केलं. काम ठरवणारे इथले आणि हात दोन्हीकडचे असले, की परका माणूस परका राहत नाही.

मुलांनी नकार कळवला. त्यावर ओहायोकडून आलेलं उत्तर या सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथल्या एका मुलाने लिहिलं, की तो टोलेडोचा आहे आणि तो लहान असताना त्याच्या घरचा नळ बंद ठेवावा लागला होता. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरात शेवाळ माजलं, त्यातलं विष शहराच्या पाण्यात उतरलं आणि सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. त्या शेवाळाला खाद्य मिळतं ते मुख्यतः शेतातून वाहून आलेल्या फॉस्फरसचं. आमच्या गावात कांद्याला घातलेला युरिया. त्याच्यात ४६ टक्के नायट्रोजन. पिकाने घेतला नाही तेवढा भाग मातीत नायट्रेट होतो, मातीला चिकटून राहत नाही, आणि पावसाबरोबर विहिरीत उतरतो. विहिरीजवळचे उकिरडे आणि शोषखड्डे त्यात भर घालतात. दोन्हीकडे प्रश्न खताचाच. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी निघाली: पाणी उकळून उपयोग नाही. टोलेडोत लोकांना उकळू नका असं मुद्दाम सांगावं लागलं होतं, कारण उकळल्याने विष जात नाही, पाणी आटून ते जास्त दाट होतं. नायट्रेटचंही तसंच. तुरटीने ते जात नाही, क्लोरीनने जात नाही. ‘पाणी उकळून प्या’ ही आपली पाटी जुलाब-कावीळ रोखण्यासाठी बरोबरच आहे, पण नायट्रेट असलेल्या विहिरीवर ती अपुरी पडते.

त्या पत्रानंतर कोण कुणाला मदत करतंय हा प्रश्नच उरला नाही. दोन गट आपापल्या भागातलं पाणी तपासणार आणि एकमेकांच्या नोंदी वाचणार, असं ठरलं.

मग वेळेचा प्रश्न आला. ओहायो आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास असतं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा तास. त्यांनी आमची संध्याकाळ सुचवली होती. पण आमच्या निम्म्या मुली खेड्यांतून येतात. साडेपाचची एसटी गेली की त्या घरी, आणि घरी रेंज नाही. संध्याकाळची बैठक म्हणजे शहरातल्या मुलांची बैठक झाली असती. शेवटी सकाळी साडेसात ठरली. पहिल्या एसटीने मुली प्रयोगशाळेत पोहोचतात तेव्हा तिकडे रात्रीचे नऊ-दहा वाजलेले असतात. जागरण त्यांनी पत्करलं. कोण बोलणार हे घड्याळाच्या अशा साध्या निर्णयातून ठरतं, म्हणून तो निर्णय मोठा.

पैशाचं मी थोडक्यात सांगते. परदेशातून देणगी घ्यायची तर विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नुसता पैसाच नव्हे, वस्तूही त्या कायद्यात येतात. विद्यार्थ्याच्या खात्यावर चार डॉलर मागवून किट घेऊ, असं करता येत नाही. आम्ही सरळ ठरवलं: त्यांचा खर्च त्यांनी करायचा, आमचा आम्ही. नमुने आमच्याच प्रयोगशाळेत तपासायचे आणि खात्रीसाठी काही बाटल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यायच्या. गावात जलसुरक्षक असतो. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच जणींना पाणी तपासायचं शिकवण्याची तरतूद आहे. विद्यार्थ्यांनी नवं काही उभं करण्याआधी या बायकांना गाठलं पाहिजे, असा माझा आग्रह होता.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती निकाल कुणाला आधी सांगायचा यावर. ओहायोच्या मुलांना वाटत होतं की सगळ्या विहिरींचा नकाशा करून सर्वांसाठी खुला ठेवावा. आमच्या मुलांना गाव माहीत होतं. अमक्याची विहीर खराब असं चावडीवर लागलं, की भावकीत बोलणं होतं, सामाईक विहिरीवरून जुनी भांडणं उकरली जातात. चार बैठका यात गेल्या. ठरलं ते असं: निकाल आधी त्या घराला, त्यातही तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर त्याच दिवशी, आशाताईंना सोबत घेऊन. मग ग्रामपंचायतीला. परदेशात जाणाऱ्या तक्त्यात नावाऐवजी क्रमांक. मुलांचे फोटो कुणीही कुठेही टाकायचे नाहीत. हे सगळं एका पानावर मराठीत लिहिलं, सरपंचांनी वाचलं, आणि त्यानंतर त्याचं इंग्रजी झालं.

पहिले नमुने ऑक्टोबरमध्ये घेतले, कारण पावसाळ्यात झिरपलेलं नायट्रेट तेव्हा विहिरीत दिसतं. दुसरे मेमध्ये. पाहुण्यांना सुटी मात्र डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे ते आले तेव्हा नमुने घेण्याचं काम नव्हतंच. त्यांच्यासाठी मुद्दाम काम काढावं का, असा प्रश्न मुलांनी केला. मी नको म्हटलं. तो काळ रब्बी कांद्याच्या लागणीचा. बायकांच्या टोळ्या उक्त्यावर रानात असतात, दिवसा कुणालाही बैठकीला बसवणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं. पाहुणे शिबिरात राहिले, दुपारी बांधावर बायकांच्या भाकरीच्या वेळी बसले, रात्री जेवणं उरकल्यावर मंदिरात ऐकायला आले. आमची मुलं दुभाषी झाली. एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी त्या आठवड्यात गावाच्या बाजूने बोलत होती आणि दोन्हीकडचे लोक तिची वाट बघत थांबत होते.

मंदिरातल्या एका बैठकीत टोलेडोच्या मुलाने सांगितलं, की ईरी सरोवर वाचवण्यासाठी ओहायो सरकारने २०१९ मध्ये ‘एचटूओहायो’ योजना सुरू केली आणि खत बेताने, योग्य जागी घालणाऱ्या शेतकऱ्यांना तिच्यातून पैसे मिळतात. एक कांदा उत्पादक काका मागे बसले होते. ते म्हणाले, “माती तपासून दोन गोण्या कमी टाकीन मी. पण माल कमी निघाला तर भरून कोण देणार, ते त्याला विचार.” दुभाषी मुलीने विचारलं. तो म्हणाला, की त्यांच्याकडेही शेतकऱ्यांची पहिली शंका हीच होती, आणि तिथल्या शेतकऱ्यांशी बोलून तो सविस्तर कळवेल.

त्याच्याकडून माहिती आली आहे. आता कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांबरोबर काकांच्या रानाचा एक तुकडा बाजूला काढायचा, त्यावर माती परीक्षणाप्रमाणे खत द्यायचं आणि त्या तुकड्यातल्या घटीची जबाबदारी कशी वाटून घ्यायची, हे पुढच्या बैठकीत ठरायचं आहे. ती बैठकही सकाळी साडेसातलाच आहे, आणि या वेळी काका तिला येणार आहेत.