आसवनी उपपदार्थ (पशुखाद्य)

धान्यापासून व्हिस्की किंवा अन्य मद्यार्क तयार करताना मागे राहणारा चोथा व द्रव यांना आसवनी उपपदार्थ म्हणतात. किण्वनात धान्यातील स्टार्चाचेच काय ते मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर होते. प्रथिने, वसा, तंतू व खनिजे शिल्लक राहतात. स्टार्च हा धान्याचा सु. दोन-तृतीयांश भाग असल्याने उरलेल्या घटकांचे प्रमाण सु. तिप्पट होते. मक्यात सु. ९ टक्के प्रथिने असतात, तर त्याच्या वाळविलेल्या आसवनी चोथ्यात ती २७ ते ३० टक्के आढळतात. तांदळाच्या चोथ्यात हे प्रमाण सु. ४५ टक्क्यांपर्यंत जाते.

स्कॉटलंडमध्ये माल्टचे सत्त्व काढून घेतल्यावर उरणारा ओला चोथा (ड्रॅफ) गुरांना पूर्वापार घालतात. पहिल्या ऊर्ध्वपातनानंतर भांड्यात राहणारा द्रव (पॉट एल) आटवून चोथ्यात मिसळतात व मिश्रण वाळवून गोळ्या करतात. तांब्याच्या भांड्यांमुळे या द्रवात तांबे उतरते. गाईबैलांना ते सहसा सोसते. मेंढ्यांना मात्र त्याची विषबाधा होऊ शकते.

महाराष्ट्रातील परिस्थिती निराळी आहे. शनिशिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, तो भाग ऊस व दूध या दोहोंसाठी प्रसिद्ध असून सोनई व भेंडे येथे सहकारी साखर कारखाने आहेत. साखर कारखान्यांच्या जोडीच्या आसवन्या परंपरेने मळीवर चालत आल्या. मळीत धान्याप्रमाणे प्रथिनयुक्त चोथा नसतो. मद्यार्क काढल्यावर राहणाऱ्या गडद सांडद्रवात (स्पेंट वॉश) पोटॅशियम व इतर क्षार विपुल असतात. दर लिटर मद्यार्कामागे हा द्रव सु. ८ ते १५ लिटर निघतो. तो जनावरांना पाजण्याजोगा नसतो. त्यापासून जैववायू व कंपोस्ट खत करतात. किण्वनापूर्वीची मळी मात्र उपयुक्त खाद्य आहे. तीत सु. निम्मी शर्करा असते, पण प्रथिने अल्प असतात. म्हणून खुराकात ती सु. १० टक्क्यांपर्यंत मिसळतात. मळी व यूरिया यांच्या चाटण-विटा करतात. त्या चाटल्याने यूरिया थोडाथोडा पोटात जातो. तो एकदम अधिक गेल्यास जनावर दगावते.

राज्य शासनाने २००७ मध्ये धान्याधारित आसवन्यांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. ज्वारीसारख्या अन्नधान्याचे मद्य करावे काय, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. चोथ्याच्या रूपाने धान्यातील प्रथिने गोठ्यात परत येतात हे खरे. परंतु माणसाच्या वाट्याचा स्टार्च परत येत नाही. पशुखाद्याचा लाभ मोजताना ही बाजू दृष्टिआड करता येत नाही.

ओल्या चोथ्यात सु. ६५ ते ७० टक्के पाणी असल्याने तो उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबून बुरसटतो व दूरवर नेणे परवडत नाही. धान्य बुरशी लागलेले असल्यास कवकविषेही चोथ्यात तिप्पट होतात आणि अफ्लाटॉक्सिनाचा अंश दुधात उतरतो. वाळविताना अतिउष्णता लागल्यास लायसिनाची पचनीयता घटते. करपलेला काळपट रंग ही त्याची खूण होय. चोथ्यात फॉस्फरस अधिक व कॅल्शियम कमी असल्याने चुनखडीची जोड द्यावी लागते. दुभत्या गाईच्या आहारातील एकूण शुष्कांशाच्या २० टक्क्यांपर्यंत हा चोथा सामान्यतः चालतो.

केवळ आसवनीच्या उष्ट्यावर गुरे पोसल्याचे दुष्परिणाम न्यूयॉर्कमध्ये १८५८ साली गाजलेल्या दूध-प्रकरणात दिसून आले. तेथे आसवन्यांलगतच्या कोंदट गोठ्यांतील रोगट गाईंचे दूध बालकांना विकले जात असे. आसवनी चोथा हा खुराकाचा एक घटक आहे. हिरव्या व कोरड्या वैरणीची जागा तो घेऊ शकत नाही.