काजूच्या पोत्यावरचा देश

वेंगुर्ल्यात एका काजू कारखान्यात पोत्यांवर ‘गिनी-बिसाऊ’ असं वाचून मित्राने विचारलं, “हा देश आहे तरी कुठे?” मी तिथे फिरून आलोय म्हटल्यावर त्याची लवकर सुटका झाली नाही!

सेनेगलच्या दक्षिणेला चिकटलेला हा छोटा देश गोव्यासारखाच पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९७३ साली त्याने स्वातंत्र्य जाहीर केलं. आज तिथली बरीचशी काजू बी भारतातच येते.

पण खरी मजा समुद्रात. बिजागोश द्वीपसमूहात ऐंशीहून जास्त बेटं, खारफुटी आणि ओहोटीला उघडे पडणारे अफाट चिखलपट्टे. ओरांगो बेटावरचे पाणघोडे चक्क खाऱ्या पाण्यात उतरतात. पोइलांव या इवल्याशा बेटावर हजारो हिरवी कासवं अंडी घालतात. बरीच बेटं तिथले लोक पवित्र मानतात, कुठे उतरायचं ते त्यांना विचारूनच. २०२५ मध्ये हा भाग जागतिक वारसा ठरला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. तिथे हे पहिल्यांदा झालेलं नाही. म्हणून परतीची तारीख सैल ठेवा, राजधानीत मोर्चा दिसला की उलटे फिरा आणि सैनिकांचे फोटो अजिबात काढू नका.

बोटी भरती-ओहोटी पाहून सुटतात, घड्याळ पाहून नाही. रोख पैसे जवळ हवेतच.

आणि पीतज्वराची लस प्रवासाला निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. तिचं कार्ड नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवतात.

व्हिसा, बोटी, खर्च, काहीही विचारा. कमेंटमध्ये सांगतो.